चौदा-तेरावरचा चेंडू

रत्ना, तुझी खूण मला दिसली होती.

एवढं एक वाक्य सात वर्षं घशाशी येऊन परत गेलं. तुला जाऊन आज नऊ दिवस झाले आणि आता मी ते कागदावर लिहितेय, म्हणजे बघ किती शूर आहे मी. या नऊ दिवसांत तुझ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं जागोजागी भेटतात. कोणी तुझ्या ढाली मोजतं, कोणी तुझ्या हाताखालून गेलेल्या मुली. मीही मान डोलावते. पण तुझं काहीही आठवायला घेतलं की मी फिरून त्या एका चेंडूपाशी येते आणि तिथून पुढे सरकता येत नाही. म्हणून तेच आधी सांगते. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला क्रमाने सांगू दे.

व्हॉलीबॉलमध्ये तू स्मॅशर, मी लिफ्टर. नेटजवळ चेंडू उचलून द्यायचा मी आणि उडी घेऊन तो पलीकडे आपटायचा तू, हे आपलं आठवीपासूनचं. घाटकोपरच्या आपल्या कॉलनीच्या मैदानावर दगड वेचून, फक्कीने रेषा मारून आपण खेळायला लागलो तेव्हा आपल्याकडे नी-कॅपची एकच जोडी होती. एक तुझ्या गुडघ्याला, एक माझ्या. माहुलला कोळीवाड्यातल्या स्पर्धेत आपल्याला बक्षीस म्हणून स्टीलची कळशी मिळाली होती, आणि ती कोणाच्या घरी ठेवायची यावरून आपण बसस्टॉपपर्यंत भांडत आलो होतो. शेवटी ती तुझ्या आईकडे गेली. तू म्हणालीस, मारलं मी, तर कळशी माझी. मी म्हणाले, दिलं मी. हा वाद काही तिथे संपला नाही. चेंडू नक्की कोणाचा, देणारीचा की मारणारीचा, यावर आपण पुढे कितीतरी वर्षं एकमेकींचं डोकं खाल्लं.

आणि आपली ती खूण. तुला चेंडू नको असला की सर्व्हिस व्हायच्या आधी तू वेणी खांद्यावरून पुढे घ्यायचीस. पलीकडच्यांना वाटायचं, या पोरीला आपल्या केसांचं भारी कौतुक. ते तुझ्यावर डोळा ठेवून बसायचे आणि मी चेंडू भलतीकडेच द्यायचे. खूण केली की तू माझ्याकडे पाहायचं नाही आणि मी तुझ्याकडे, हे ठरलेलं. तेच ठरलेलं पुढे माझ्या कामी आलं.

त्या वर्षी गिरण्यांचा संप लांबत चालला होता. माझे बाबा आठ महिने घरी होते आणि घरी बसल्या बसल्या ते दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. अशात बातमी आली की एका मोठ्या कार्यालयाला स्वतःचा मुलींचा संघ उभा करायचा आहे आणि त्यांचे दोन साहेब आपली फायनल बघायला येणार आहेत. तुझा गुडघा सेमीफायनलपासून सुजलेला. तू त्यावर क्रेप बँडेज आवळून आलीस आणि मला म्हणालीस, "आज जपून दे हां, विजू. सगळे नाही मारता येणार मला." मी हो म्हणाले.

पाचवा सेट, चौदा-तेरा, सर्व्हिस आपली. एक पॉइंट घेतला की सामना आपला. साहेब खुर्च्यांवर पुढे सरकून बसले होते. तू वेणी पुढे घेतलीस. मी पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं, लाल रिबीन होती. मग सर्व्हिस गेली, त्यांनी मारलं, आपल्या मागच्या मुलीने तो चेंडू असा काही काढला की तो सावकाश, अलगद माझ्या डोक्यावर आला. मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खोटं आहे ते. भरपूर वेळ मिळाला. दुसऱ्या बाजूला दुसरी स्मॅशर मोकळी उभी होती, आणि ती तीनातले दोन चेंडू नेटमध्ये घालायची. मला बाबा आठवले. मी चेंडू तुला दिला.

तसा चेंडू मी आयुष्यात परत कधी उचलला नाही. तू उडी घेतलीस, मारलास, तो रेषेच्या आत आपटला आणि मैदान उसळलं. सगळे आकाशाकडे हात करून नाचत होते, तेव्हा तू खाली पडलेली होतीस. तुझ्या गुडघ्याचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. मला गेला, कारण मी सगळ्यात जवळ होते आणि मी त्याचीच वाट पाहत होते.

महिन्याभरात मला नोकरीचा कागद आला. तुलाही बोलावलं होतं त्यांनी, पण त्यांच्या डॉक्टरने गुडघा दाबून पाहिला आणि मान हलवली. तू बाहेर आलीस, बाकड्यावर बसलीस आणि म्हणालीस, चल, तुझ्या नोकरीचा चहा पाज. मी पाजला. तू दोन घोट घेऊन कप खाली ठेवलास. मग तू विचारलंस. एकदाच विचारलंस, परत कधी नाही.

"विजू, खूण दिसली नव्हती ना तुला?"

"कुठली खूण?" मी म्हणाले.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "वाटलंच मला. मी आवाजच द्यायला हवा होता. वेणीबिणीचे चाळे कशाला."

रत्ना, तू मला शिव्या घातल्या असत्यास तर मी त्याच बाकड्यावर खरं बोलले असते, असं मी स्वतःला सांगत आले. तेही बहुधा खोटंच. पण तू दोष स्वतःकडे घेशील असं मला वाटलं नव्हतं, आणि एकदा तू तो घेतल्यावर तो तुझ्याकडून काढून घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती. कप तिथेच ठेवून आपण निघालो.

त्यानंतरची तुझी सात वर्षं लोकांना माहीत आहेत. कोचिंगचा कोर्स करून आलीस, एका शाळेत तासावर पीटी शिकवायला लागलीस आणि सकाळ-संध्याकाळ त्याच मैदानावर मुली जमवल्यास. लाकडी स्टुलावर बसून तू दोन्ही हातांनी चेंडू मारायचीस आणि मुली धूळ खात ते उचलायच्या. हाफ पँट घालून मुलगी मैदानात जाणार म्हणून कुणाचा बाप अडून बसला, की तू लंगडत त्यांच्या घरी जायचीस आणि हो म्हणेपर्यंत उठायचीच नाहीस. एका घरी तू तीन संध्याकाळी गेलीस. चौथ्या दिवशी तो बाप स्वतः मुलीला घेऊन मैदानावर आला आणि म्हणाला, बाई, तुम्ही येऊ नका, तुमच्या पायाकडे बघवत नाही. ती मुलगी म्हणजे अलका. तुझ्यानंतर तसा हात मी कोणाचा पाहिला नाही.

आणि तुझा तो नियम. ज्या मुलीला चेंडू नको, तिने मोठ्याने 'नको' म्हणून ओरडायचं. खूण नाही, इशारा नाही. तोंड उघडायचं. पलीकडच्या संघाला कळलं तर कळू दे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळे हसायचे आपल्याला. लाउडस्पीकरवरचा माणूस 'नकोवाल्या मुली' असंच पुकारायचा. इतर कोच तुला समजवायचे की बाई, तुम्ही हातातले पत्ते दाखवून खेळता. तू ऐकायची नाहीस. हा नियम कुठून आला ते मैदानावर फक्त मला ठाऊक होतं. माझ्या एका थापेवर तू अख्खा संघ उभा केलास. दर रविवारी मी मदतीला यायचे, कडेला बसून गुण लिहायचे आणि दर दोन मिनिटांनी कोणीतरी पोरगी 'नको' म्हणून किंचाळायची. शिक्षा म्हणून ते पुरेसं आहे असं मला वाटायचं. शिक्षेचं मोजमापही मीच ठरवलेलं.

एकदा मात्र मी अगदी काठावर आले होते. मंगलवरून झालं ते. तुझी लिफ्टर मंगल, सोळा वर्षांची, हात लोण्यासारखे. एका सामन्यात अलका 'नको' ओरडली आणि मंगलने तिलाच दिला. अलकाने मारला, आपण जिंकलो, कोणाला खरचटलंही नाही. तू मंगलला महिनाभर बाहेर बसवलंस. मी तुझ्या घरी येऊन भांडले. म्हटलं, एवढी काय वाट लागली, जिंकवलं ना तिने?

"जिंकवलं म्हणूनच बसवलंय," तू म्हणालीस. "हरली असती तर नुसती समज देऊन सोडली असती. आता तिला वाटेल, असं केलेलं चालतं."

माझा पारा चढला. मंगलसाठी नाही, माझ्यासाठी. मी म्हणाले, "मग मलाही बसवायचं होतंस तेव्हा."

तू हातातलं काम थांबवलंस. तुझी आई आत भाकरी थापत होती, तोही आवाज थांबला. मला वाटलं, आता झालं. आता बोल, विजू.

"तुला दिसलं नव्हतं," तू शांतपणे म्हणालीस. "हिला ऐकू आलं होतं. फरक आहे."

मी उठून निघून गेले. दोन महिने मैदानावर फिरकले नाही. तुला वाटलं मी मंगलवरून रुसले. मग एके दिवशी तूच माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, पोरी गुण चुकीचे लिहितात गं, चल ना आता. मी आले. माझ्यासारखीला परत न्यायला तू तो पाय घेऊन तीन जिने चढून आलीस, याचे आभार मी मानले नव्हते. आज मानते. पण ते मानतानाही लाज वाटते, कारण लिफ्ट बंद होती हे मला माहीत होतं आणि तरी मी तुला उतरताना हात दिला नाही. माझा राग गेला नव्हता. तुझ्यावरचा की माझ्यावरचा, ते विचारू नकोस.

कावीळ झाली तेव्हाही तू पंधरा दिवस अंगावर काढलीस. इस्पितळात मी रोज संध्याकाळी यायचे. तुझे डोळे पिवळे झालेले आणि तोंडी फक्त फायनल. अलकाचा घोटा मुरगळला होता आणि सामना आठवड्यावर आलेला. शेवटच्या संध्याकाळी तू मला म्हणालीस, कोचच्या बाकड्यावर तू बस. मी म्हणाले, मला कोचिंगमधलं काय कळतं? तू म्हणालीस, "तुला सगळं दिसतं. तेवढं पुरे."

हे तू का म्हणालीस, रत्ना? नऊ दिवस मी हे वाक्य उलटंसुलटं करून बघतेय. सहज म्हणाली असशील. मी गुण लिहायचे, सगळं बघायचे, म्हणून. किंवा तुला केव्हाच कळलं असेल आणि तू मला वाट करून दिलीस. भेटायची वेळ संपल्याची घंटा व्हायला अजून दहा मिनिटं होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तुझी आई थर्मास घेऊन आली आणि मी उठले. म्हटलं, उद्या बोलू. आई थोडी बाजूला झाली असती, मी नुसतं म्हटलं असतं तरी. मी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी फायनल होती. मुली म्हणाल्या, खेळणार. मी तुझ्या जागी बाकड्यावर बसले. समोर खुर्च्यांवर माझ्याच कार्यालयाचे साहेब होते, त्यांना संघात दोन मुली घ्यायच्या होत्या. अलकाच्या घरी तिच्या लग्नाची घाई चालली आहे हे तुला माहीत आहे. नोकरी लागली तर दोन वर्षं कोणी विषय काढणार नाही, असं तिच्या बापाने कबूल केलं होतं. तिने घोटा घट्ट बांधला होता आणि ती काही लंगडत नव्हती, म्हणजे किती दुखत असेल ते मला कळत होतं.

पाचव्या सेटला बारा-बारा झाले. अलका पुढच्या रांगेत आली. दोनदा ती 'नको' ओरडली, मंगलने दोन्ही वेळा चेंडू दुसरीकडे दिला आणि दोन्ही आमच्या अंगाशी आले. बारा-चौदा. मी टाइम आउट घेतला. अलका धापा टाकत म्हणाली, "ताई, आता मी नको म्हणणार नाही. मंगल, मला दे."

मंगल माझ्याकडे बघायला लागली. सगळ्याच बघायला लागल्या. मी अलकाच्या पायाकडे पाहिलं. मोज्याच्या वर घोटा असा भरून आलेला होता की बुटाची लेस मांसात रुतली होती. तिकडे साहेब हातातल्या कागदावर काहीतरी लिहीत होते. मी अलकाला बाहेर बोलावलं आणि बदली मुलगी आत पाठवली. दोन मिनिटांत आपण हरलो.

अलका रडली नाही. धुळीत बसून बूट काढत म्हणाली, "बाई असत्या तर त्यांनी खेळवलं असतं मला."

"नसतं खेळवलं," मी म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

मग मी सांगितलं. तिथेच, त्या सगळ्याजणी पिशव्या आवरत असताना. वेणी, लाल रिबीन, बाबा, गुडघा, नोकरीचा कागद, बाकडं, चहा. इतकी वर्षं अडलेलं पाच मिनिटांत सांगून झालं. मंगल खाली मान घालून चेंडू जाळीत भरत होती. अलकाने मला एकच विचारलं.

"बाईंना सांगितलंत हे?"

"नाही."

"मग आम्हाला कशाला सांगताय?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. एक बूट हातात धरून ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. पोरगी म्हणत होती ते बरोबर होतं. ज्यांचं काही गेलं नाही त्यांना सांगून मी मोकळी व्हायला बघत होते. आणि तुला एक खरं सांगू? मी तिला बाहेर काढलं ते तिच्या पायासाठी की माझ्यासाठी, मला अजून कळलेलं नाही. तेव्हा तू नको म्हणालीस आणि मी दिला. या वेळी ती दे म्हणाली आणि मी दिला नाही. दोन्ही वेळा ठरवलं मीच. तिच्या लग्नाची बोलणी आता सुरू होतील. तू बाकड्यावर असतीस तर काय केलं असतंस, हे विचारायला मी आता कुठे जाऊ?

काल सकाळी तुझ्या आईकडे गेले. तुझ्या आईने या सात वर्षांत मला शंभरदा जेवायला वाढलं असेल. रत्नी पायाने अधू झाली पण विजू तिच्या पाठीशी राहिली, असं ती शेजारपाजारी सांगायची आणि मी ते ऐकत भाकरी मोडायचे. ती चटईवर तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले आणि या वेळी थर्मास, घंटा, काही आड येऊ दिलं नाही. सगळं सांगितलं.

ती खडे काढत राहिली. मग म्हणाली, "तिनं इचारलं हुतं तुला?"

"हो. एकदा."

"आन् तू न्हाई म्हनलीस."

"हो."

तिने सूप बाजूला ठेवलं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर मला हाकलून देईल, नाहीतर जाऊ दे पोरी म्हणेल. तिने यातलं काहीच केलं नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "ऐतवारी रत्नीच्या नावानं पुण्यानुमोदन हाय. समदी येतील. त्या पोरी येतील, तुजे सायेब येतील. तू बोलायला उभी ऱ्हाशील ना?"

मी हो म्हणाले.

"मंग ह्येच बोल. चांगलं चांगलं बोलायला बाकीची हायेत."

दारात चपला घालताना मी विचारलं, "आणि मग? मग येऊ ना मी, आई?"

तिने सूप परत मांडीवर घेतलं. "आधी बोल," ती म्हणाली. "मंग बघू."